प्रश्न महसुलाचा, सिद्धान्त समाजाचा

एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "आम्हाला मार्क्स, डरखाइम, वेबर शिकवतात. हे तिघं युरोपातल्या कारखान्यांबद्दल, शहरांबद्दल, धर्माबद्दल लिहीत होते. मग सामाजिक सिद्धान्त वसाहतवादाच्या पोटात वाढला असं म्हणतात, त्याचा नेमका अर्थ काय? आणि ते खरं असेल तर हे सिद्धान्त शिकायचे की सोडून द्यायचे?"

मी तीस वर्षं समाजशास्त्र शिकवते आहे, आणि त्यातला बराच काळ पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये घरोघरी तक्ते भरून घेण्यात गेला. त्या अनुभवावरून उत्तर आधीच सांगून टाकते. सिद्धान्त मांडणारा माणूस युरोपात टेबलाशी बसलेला होता हे खरंच. पण सगळ्या मानवी समाजाबद्दल बोलायचं तर त्याला युरोपाबाहेरची माहिती लागायची, आणि ती जमवणारे होते कलेक्टर, मिशनरी, लष्करी डॉक्टर, तारमास्तर. त्यांना समाज समजून घ्यायचा होता तो शेतसारा वसूल करायला, खटले निकाली काढायला, बंड होऊ न द्यायला. ही माहिती सिद्धान्तात गेली तेव्हा तिच्याबरोबर त्यांचे प्रश्नही आत गेले. आडात जे असतं तेच पोहऱ्यात येतं.

असं मोघम सांगितलं की सगळ्यांना पटतं आणि परीक्षेनंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून एकच कल्पना धरू आणि तिचा माग काढू: 'स्वयंपूर्ण भारतीय खेडं'. ती कुठे जन्मली, कुठे कुठे फिरली आणि शेवटी कोणाच्या हातात आली.

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की वाघोलीच्या पुढे लोणीकंद लागतं. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि त्यानंतर दोनेक वर्षांतच थॉमस कोट्स नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टराने या लोणीचं बारकाईने वर्णन लिहिलं. ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत 1823 मध्ये छापून आलं. जमिनीचे प्रकार, अवजारं, पिकं, घरं, कपडे, जेवण, सगळं त्यात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे मी विद्यार्थ्यांचं लक्ष मुद्दाम वेधते: गावातली बहुतेक कुणबी घरं कर्जात होती. कर्ज म्हटलं की सावकार आला, सावकार म्हटला की बाजार आला, पुण्याची पेठ आली. म्हणजे इंग्रजांनी दख्खनचं गाव जवळून पाहिलं त्या अगदी सुरुवातीच्या कागदांमध्येच ते गाव बाहेरच्या जगाशी व्यवहाराने बांधलेलं दिसतं.

पण याच सुमारास माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहीत होता. 1819 च्या त्या अहवालात गावाबद्दल जे आहे त्याचा आशय असा: गावाच्या आतच एका राज्याची सगळी सामग्री छोट्या प्रमाणात सापडते, आणि वरची सगळी सरकारं उठून गेली तरी गाव आपल्या माणसांचं रक्षण जवळजवळ स्वतःच करू शकेल. हे लिहिणाऱ्याची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. मुलूख नुकताच हातात आलेला, हाताखाली मोजके अधिकारी, भाषा परकी, आणि ज्यांचं राज्य गेलं ते अजून आजूबाजूलाच. अशा वेळी पाटील-कुलकर्णी आहेत तसे ठेवून त्यांच्यामार्फत कारभार चालवणं सोयीचं होतं. गाव आपलं आपण चालतं हे निरीक्षण होतं आणि त्याच वेळी ते धोरणाचं समर्थनही होतं. या दोन गोष्टी एकाच वाक्यात कशा मिसळतात हे नीट पाहा, कारण पुढचं सगळं इथूनच निघतं.

1830 मध्ये कलकत्त्याला सर्वोच्च कौन्सिलचा सदस्य असलेल्या चार्ल्स मेटकाफने एक टिपण लिहिलं. भारतातली खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताकं. त्यांना लागणारं जवळजवळ सगळं त्यांच्यापाशीच असतं. राजघराण्यांमागून राजघराणी कोसळतात पण खेडं तसंच टिकून राहतं. हा उतारा भारतातल्या प्रत्येक समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने कधी ना कधी वाचलेला असतो. पण तो कशासाठी लिहिला गेला हे क्वचितच सांगितलं जातं. वाद चालू होता सारा कोणाकडून घ्यायचा याचा: मद्रासकडे रूढ झालेल्या रयतवारीप्रमाणे एकेका शेतकऱ्याशी करार करायचा, की उत्तर भारतात सबंध गावाशी मिळून करायचा. मेटकाफला तिथे रयतवारी नको होती. रयतवारीने गावाची एकी मोडेल हे त्याला सिद्ध करायचं होतं, आणि मोडेल असं म्हणायचं तर आधी एकी आहे, ती अनादि काळापासून आहे, हे सांगणं भाग होतं. वकिलाने अशिलाची बाजू मांडावी तसा तो मजकूर आहे. त्यात खोटेपणा नाही. पण कोर्टातला युक्तिवाद म्हणून न वाचता तो समाजाचं वर्णन म्हणून वाचला गेला, आणि घोळ झाला तो तिथे.

पुढे ते वाक्य ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीच्या कागदांत गेलं, एल्फिन्स्टनने 1841 च्या आपल्या इतिहासात घेतलं. मार्क्सपर्यंत अशीच सामग्री आणखी एका वाटेने पोचली. 1853 च्या जून महिन्यात न्यूयॉर्क डेली ट्रिब्यूनसाठी भारतावर लिहिताना त्याने खेड्याचं जे लांबलचक वर्णन दिलं, ते पार्लमेंटच्या एका जुन्या अहवालातून, 1812 च्या पाचव्या अहवालातून, उचललेलं होतं. पाटील, कुलकर्णी, राखणदार, पाणी सोडणारा, ज्योतिषी अशी गावकामगारांची यादी त्यात आहे. तोही अहवाल महसूल आणि कारभार यांच्या चौकशीतूनच निघालेला. मार्क्सने त्यावरून निष्कर्ष काढला की ही शांत, साधी दिसणारी खेडी हाच पौर्वात्य हुकूमशाहीचा पाया आहे, आणि या समाजाला स्वतःचा असा इतिहासच नाही. कलकत्त्याच्या अधिकाऱ्याला जे टिकाऊपणा म्हणून कौतुकाचं वाटलं, तेच लंडनच्या क्रांतिकारकाला साचलेपण म्हणून घातक वाटलं. दोघांची मतं परस्परविरुद्ध, पण खेडं एकच, आणि मार्क्सने तर ते फक्त कागदावर पाहिलेलं.

तिसरा हेन्री मेन. 1862 ते 1869 तो भारत सरकारचा विधी सदस्य होता. मानवी समाज जन्माने मिळालेल्या दर्जाकडून व्यक्तींनी आपणहून केलेल्या कराराकडे जातो हे त्याचं सूत्र 1861 चं, म्हणजे भारतात येण्याआधीचं. परत गेल्यावर, 1871 मध्ये, त्याने पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या खेड्यांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा की भारताचा वर्तमान म्हणजे युरोपचा भूतकाळ. जर्मन टोळ्यांची जुनी सामाईक जमीन कशी असेल ते पाहायचं तर आजचं भारतीय खेडं पाहा. ही चाल समाजशास्त्राला फार महागात पडली असं माझं मत आहे. लोणीचा कुणबी आणि मँचेस्टरचा गिरणीकामगार एकाच वर्षी, एकाच साम्राज्यात, एकाच कापसाच्या व्यापाराने जोडलेले जगत होते. मेनच्या मांडणीत ते दोघं हजार वर्षांच्या अंतरावर गेले. 'पारंपरिक समाज' आणि 'आधुनिक समाज' ही जोडी आपण आजही पहिल्या वर्षाला सहज शिकवतो. तिच्या मागे हे अंतर आहे.

खुद्द दख्खनच्या गावकऱ्याला विचारलं असतं तर हे छोटं प्रजासत्ताक किती टिकलं असतं? मीठ गावात पिकत नव्हतं, ते कोकणातून घाट चढून यायचं. लोखंड बाहेरून यायचं, मगच लोहार फाळ करायचा. वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे कशासाठी फिरत होते? लग्नाच्या सोयरिकी पाच-दहा कोसांवरच्या गावांत व्हायच्या, देवाच्या यात्रा त्याहून लांब. आणि गावाच्या आत बघितलं तर वंशपरंपरेने जमीन असलेला मिरासदार वेगळा, बाहेरून येऊन कसणारा उपरी वेगळा. बलुतेदारांतही खळ्यावर कोणाला आधी आणि किती मिळायचं हे ठरलेलं. महाराने वेशीची राखण करायची, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, हद्दीच्या भांडणात साक्ष द्यायची, मेलेलं जनावर ओढायचं, आणि हे सगळं वतन म्हणून पिढ्यान् पिढ्या. प्रजासत्ताक म्हणावं तर मग त्याचे नागरिक कोण होते?

मराठीत याचं सगळ्यात जिवंत चित्र त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या 'गावगाडा'त आहे. आत्रे सरकारी नोकरीत होते, गावं पायाखालची होती, आणि त्यांचं म्हणणं मेटकाफच्या अगदी उलट आहे: हा गाडा कुणब्याच्या मानेवर आहे, आणि अलुते-बलुते, भिक्षेकरी, फिरस्ते सगळे त्याच्या खळ्यावर टपलेले आहेत. मी हे पुस्तक प्रत्येक तुकडीला वाचायला लावते. पण तेही नीट पारखून वाचावं लागतं. कुणब्याची बाजू त्यात जितक्या कळकळीने येते तितकी महाराची किंवा फिरस्त्या जमातींची येत नाही. 1871 च्या कायद्याने सरकारने काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं होतं, आणि तो शब्द, त्यामागचं गृहीतक, त्या काळच्या आपल्या सुशिक्षितांच्या भाषेतही सहज उतरलं होतं. देशी माणसाने लिहिलं म्हणजे वसाहतीचा चष्मा आपोआप उतरतो असं नाही.

आता उलट्या दिशेची वाहतूक. भारतातून माहिती गेली तसा तिकडून सिद्धान्तही इथे आला, आणि तो आमच्या शेतकऱ्यांच्या पाठीवर तपासला गेला. कंपनीचे अधिकारी तयार करणाऱ्या हेलीबरीच्या कॉलेजात माल्थस शिकवायचा. तिथून शिकून आलेल्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने 1828 च्या सुमारास पुणे भागात मोजणी सुरू केली. आधार रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाच्या जमिनीच्या खंडाबद्दलच्या सिद्धान्ताचा: पिकातून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरेल त्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारचे. कागदावर हिशोब चोख होता. प्रत्यक्षात निव्वळ उत्पन्नाचे आकडे चुकले, सारा डोईजड झाला, लोक जमिनी सोडून निघून गेले, शेतं पडीक राहिली. अखेर 1836 पासून इंदापूरपासून सुरुवात करून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी केली, आणि ती सिद्धान्तापेक्षा मागच्या वसुलीच्या अनुभवावर उभी होती. अर्थशास्त्राच्या वर्गात रिकार्डो शिकवताना इंदापूरचं नाव कोणी घेत नाही. घ्यायला हवं.

मेनच्या 'कराराकडे' जाण्याचंही तसंच. नव्या दिवाणी कोर्टांत सावकाराने दाखल केलेलं कर्जखत म्हणजे करार, आणि करार म्हणजे पवित्र. खाली अंगठा कोणी, कोणत्या अडचणीत, काय वाचून दाखवल्यावर लावला हे कोर्टाने पाहायचं नाही. 12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक जमले आणि त्यांनी सावकारांकडून खतं आणि वह्या काढून घेऊन जाळल्या. दंगा पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांनी जाळले ते कागद. सावकारांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार कमी झाले. जो करार मेनला प्रगतीची खूण वाटत होता, त्याची होळी करणाऱ्यांना तो काय आहे हे त्याच्याहून चांगलं कळलेलं होतं. 1879 मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला, आणि त्यात कोर्टांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली गेली.

मार्क्सबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. 1853 चं मत त्याने शेवटपर्यंत कवटाळून धरलं नाही. 1879 पासून पुढे कोव्हालेव्हस्की, मॉर्गन, मेन यांची पुस्तकं वाचून त्याने वह्याच्या वह्या भरल्या. त्यात तो मेनवर वैतागतो, आणि भारतातल्या सामाईक जमिनी इंग्रजांनी मोडल्या त्याबद्दल कडक लिहितो. 1881 मध्ये रशियन क्रांतिकारक व्हेरा झासुलिचला पत्र लिहिताना तो म्हणतो की आपलं विवेचन पश्चिम युरोपापुरतं आहे. आमच्याकडे पाठ्यपुस्तकांत मात्र 1853 चा मार्क्सच अजून ठाण मांडून बसला आहे.

आणि ते मेटकाफचं वाक्य? ते राष्ट्रवाद्यांनी उचललं. रोमेशचंद्र दत्तांसारख्या अभ्यासकांना त्यात इंग्रजांनी मोडलेल्या सुवर्णयुगाचा पुरावा दिसला. तिथून ते ग्रामस्वराज्याच्या भाषेत मिसळलं. मग 4 नोव्हेंबर 1948 उजाडला. संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेटकाफचा तो उतारा नाव घेऊन वाचून दाखवला, आणि विचारलं की खेडी टिकली हे कबूल, पण नुसतं टिकण्याला काय किंमत आहे? कोणत्या पातळीवर टिकली? खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञान आणि जातीयता यांची गुहा, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं, आणि मसुद्याने खेडं सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा आनंद व्यक्त केला. 118 वर्षांपूर्वी सारा कोणाकडून घ्यायचा या वादात लिहिलेलं वाक्य एका देशाच्या राज्यघटनेच्या चर्चेत उभं राहतं आणि त्याला उत्तर देतो तो वेशीबाहेरून आलेला माणूस, ज्याने 1928 पासून मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध लढा दिलेला असतो. सामाजिक सिद्धान्ताला वसाहतीने घडवलं म्हणजे काय, याचं याहून ठळक उदाहरण माझ्यापाशी नाही. योगायोग असा की 1960 मध्ये समाजशास्त्रज्ञ जी. एस. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरच्या लोणीकंदवर पुस्तक लिहिलं, आणि त्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी ए. एम. शहांबरोबर लिहून भारतीय खेड्याचं स्वयंपूर्णपण हे मिथक असल्याचं दाखवून दिलं.

जातीचं प्रकरण याच वळणाने गेलं, फक्त तिथे महसुलाऐवजी न्यायदान आणि गणती होती. दख्खनच्या कोर्टांत कोणाच्या चालीरीतीने न्याय द्यायचा हे ठरवायला आर्थर स्टीलने पुण्याच्या शास्त्र्यांकडून आणि जातीजातीच्या प्रमुखांकडून माहिती गोळा केली. ती 1827 मध्ये छापली गेली. ज्या चाली बोलीत होत्या, ज्यांत पंचांच्या मर्जीनुसार मागेपुढे होत असे, त्या छापील झाल्यावर घट्ट झाल्या. मग जनगणना. 1901 च्या जनगणनेत तिचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने जातींची सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने उतरंड लावायचं ठरवलं, आणि देशभर जातिसभांचे अर्ज सुरू झाले की आमची पायरी चुकली आहे. बंगालमध्ये 1911 च्या वेळी आलेल्या अर्जांचं वजन दीड मण भरलं, असं तिथल्या अहवालातच नोंदलेलं आहे. जात इंग्रजांनी निर्माण केली असं म्हणणारे लोक मला भेटतात. ते चूक आहे, आणि ज्यांनी जात सोसली त्यांच्या बाबतीत ते क्रूर आहे. पण स्थानिक, जागोजागी वेगळी, भांडणात वर-खाली होणारी उतरंड एका देशव्यापी तक्त्यात बसवली ती गणतीने, यात मला शंका नाही. वेबर 1916-17 मध्ये हिंदू धर्मावर लिहायला बसला तेव्हा त्याच्यासमोर हेच जनगणनेचे अहवाल होते. भारत त्याने पाहिलेला नव्हता.

रिस्लेचं दुसरं काम म्हणजे नाकं मोजणं. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. जात जितकी खालची तितकं नाक रुंद, म्हणून जातीचं मूळ वंशात, असा त्याचा दावा. त्याला तोड मराठी माणसांनी दिली, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून. आर्य बाहेरून आले ही कल्पना युरोपीय भाषाशास्त्रज्ञांची. इंग्रज आणि उच्चवर्णीय भारतीय यांचं दूरचं नातं जोडायला ती अनेकांना आवडली. फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त तीच कल्पना उलटी फिरवली: बाहेरून आला तो जेता, आणि इथल्या शूद्रातिशूद्रांची गुलामी त्या जेतेपणातून आली. पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामी संपवण्यासाठी झटलेल्यांना. आज वंशाची ती कल्पना इतिहास म्हणून कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. पण सत्तेच्या कारखान्यात तयार झालेलं हत्यार हिसकावून वेगळ्या कामाला लावता येतं, हे त्यांनी दाखवलं.

आंबेडकर एक पाऊल पुढे गेले. 9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, चौघांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. युरोपीय अभ्यासकांबद्दल त्यांचं निरीक्षण असं की ते स्वतः वर्णद्वेषाने भारलेले असल्यामुळे त्यांना जातीतही सगळीकडे रंगच दिसला. 1916 साल, न्यूयॉर्क, वसाहतीतला एक विद्यार्थी, आणि तो वसाहतवादी शास्त्राच्या दृष्टिदोषाचं कारण त्या शास्त्रज्ञांच्या समाजात शोधतो आहे! नंतर तो स्वतःचा सिद्धान्त मांडतो: जात म्हणजे दार लावून घेतलेला वर्ग, आणि ते दार म्हणजे जातीतच लग्न. मग सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिन्ही प्रथा त्याच यंत्रणेचे भाग कसे, हे तो गणितासारखं उलगडतो: नवरा आधी गेला तर उरलेली बाई आणि बायको आधी गेली तर उरलेला पुरुष, यांचं करायचं काय? नाकं मोजून हे कधीच कळलं नसतं. जातीच्या मुळाशी बायकांवरचं नियंत्रण आहे ही गोष्ट रिस्लेला दिसली नाही, कारण त्याच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. पुढे 1948 मध्ये अस्पृश्यतेवरच्या ग्रंथात आंबेडकरांनी घुर्यांनी दिलेले नाकांचे आकडे घेतले आणि त्यांवरूनच दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत.

ते आकडे देणारे घुर्ये मूळचे मालवणचे. केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन यांच्याकडे शिकून ते 1924 पासून मुंबई विद्यापीठात होते, आणि 1932 च्या पुस्तकात त्यांनी रिस्लेचं समीकरण मुंबई इलाख्यात लागू पडत नाही हे दाखवलं. मात्र वंशाची चौकट त्यांनी पूर्ण टाकली नाही, आणि आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हणण्यापर्यंत ते गेले. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. बर्लिनला त्या ऑइगेन फिशरकडे गेल्या. हा फिशर नावारूपाला आला तो जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या मिश्र वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासाने. इरावतीबाईंचं काम होतं कवट्यांच्या दोन बाजूंतली विषमता मोजायचं. मोजमापांवरून वंशावंशांत तसा फरक निघत नाही असं त्यांनी लिहिलं, गुरूच्या अपेक्षेविरुद्ध. पंचविशीही न उलटलेल्या परक्या मुलीने हे त्या काळच्या बर्लिनमध्ये लिहिणं सोपं नव्हतं.

डरखाइमचं थोडक्यात. धर्माच्या मुळाबद्दलचं त्याचं 1912 चं पुस्तक ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींवर उभं आहे. तो तिथे गेला नव्हता. त्याची मुख्य सामग्री स्पेन्सर आणि गिलन यांची, आणि गिलन होता अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या तारघराचा प्रमुख. 1896 मध्ये अरेर्न्टे लोकांचा महिनोन् महिने चाललेला मोठा विधी त्या तारघराजवळ झाला, आणि जमलेल्यांच्या शिध्याची सोय गिलनने केली. लोक एकत्र येतात तेव्हा अंगात संचारणाऱ्या सामूहिक उत्साहातून समाज स्वतःला पवित्र करतो, हा डरखाइमचा विचार मला आजही थक्क करतो. पंढरीच्या वारीत चालताना तो शब्दशः अंगावर येतो. पण त्या वेळी त्या लोकांचे पाणवठे गुरांच्या ठाण्यांकडे गेलेले होते. डरखाइमच्या पानांवर ना तार आहे ना गुरं. आहे तो फक्त 'सर्वांत साधा समाज'.

मग शिकायचं की सोडायचं? शिकायचं, आणि मन लावून शिकायचं. वेबर सोडला तर नोकरशाही समजायला हातात काय उरतं? फक्त प्रत्येक मोठ्या कल्पनेला तिच्या गावचा पत्ता विचारायचा: ही माहिती कोणी आणली, त्या वेळी त्याचं काम काय होतं, ज्याला विचारलं त्याला खरं सांगायची मुभा होती का. आणि हे प्रश्न परक्यांना विचारून थांबायचं नाही.

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावात आमचं सर्वेक्षण चालू होतं. तक्त्याचा पहिला रकाना 'कुटुंबप्रमुख'. साठीच्या एका बाईंच्या घरी विद्यार्थ्याने त्यांच्या भावाचं नाव लिहिलं, कारण सातबारा भावाच्या नावावर. नवऱ्याने टाकून दिल्यावर बाई माहेरी आलेल्या, ऊसतोडीला जाऊन दोन मुलं वाढवलेली. त्यांनी विचारलं, "तेल-मीठ मी आणते, अन् घर त्याचं कसं?" मुलगा गप्प झाला, मीही झाले. तो रकाना आम्ही कुठून आणला होता? आधीच्या सर्वेक्षणातून, ते त्याच्या आधीच्यातून, आणि मागे मागे जात राहिलं की पोचतो खातेदाराच्या नावापाशी, म्हणजे सारा कोणाकडून घ्यायचा या प्रश्नापाशी. त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात बसून आम्ही तो रकाना खोडला आणि त्या जागी चार केले: जमीन कोणाच्या नावावर, रोजचा किराणा कोणाच्या पैशाने, शेळी विकायचं कोण ठरवतं, कर्जाच्या कागदावर अंगठा कोणाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाईंच्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. त्यांच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात भावाचं नाव आलं आणि पुढच्या तिन्हींत त्यांचं.